कार्बन फ्रेमला कोणतं ग्रीस चालतं? सीटपोस्ट खाली सरकून राहिला आहे

गोरेवाडा_लूप
मंडळी, जुनी पण चांगल्या अवस्थेतली रोड बाइक घेतली. फ्रेम कार्बनची, सीटपोस्टही (सीटखालची दांडी) कार्बनचा, २७.२ मिमीचा. आधीच्या मालकाने विकण्याआधी एका दुकानातून सर्व्हिसिंग करून घेतली होती. त्या दुकानवाल्याने पोस्टला मोटारीचं एपी-३ ग्रीस असं चोपडलं आहे की हात लावला की काळा होतो. काटोल रोडने निघालो तर कळमेश्वर येईपर्यंत सीट बोटभर खाली बसलेली असते. पोस्ट धरणाऱ्या क्लॅम्पवर ५ न्यूटन-मीटर, म्हणजे आवळायचा टॉर्क, छापलं आहे. दुकानात परत गेलो तर म्हणे, "अजून आवळून देतो ना भाऊ, कायले टेन्शन घेता." मी सायकल घेऊन घरी आलो.

व्हॉट्सअ‍ॅपवर विचारलं तर तीन मतं. एक म्हणतो पेट्रोलियम ग्रीसने कार्बन विरघळतो. दुसरा म्हणतो लिथियमवालं चालतं. तिसरा सिलिकॉन ग्रीसच्या मागे लागला आहे. कार्बनला सुरक्षित ग्रीस नेमकं कोणतं?

सदरचा_फिटर
आवळू दिलं नाही हे झकास केलं. कार्बनच्या पोस्टला कोणतंच ग्रीस लावायचं नाही. एपी-३ नाही, सिलिकॉन नाही, सायकलचे पार्ट बनवणाऱ्या शिमानोचं महागडंही नाही. तिथे कार्बन असेंब्ली पेस्ट लागते. फिनिश लाइनचं फायबर ग्रिप, पार्क टूलचं सुपरग्रिप, मक-ऑफचं कार्बन ग्रिपर, यातली कोणतीही घ्या. आपल्याकडे दुकानात मिळेल याची खात्री नाही, ऑनलाइन मागवा. एक ट्यूब कित्येक वर्षं पुरते.

या पेस्टमध्ये बारीक कडक कण असतात. बोटांत घेऊन चोळली की ओल्या रव्यासारखी लागते. क्लॅम्प आवळला की ते कण दोन्ही पृष्ठभागांत किंचित रुततात आणि सरकणं थांबतं. बनवणारे सांगतात की त्यामुळे कमी टॉर्कवरही तेवढीच पकड मिळते. फायदा सगळा तिथेच आहे. पकड कमी पडली की माणूस आवळतो, आणि कार्बन मोडतो तो आवळण्याने.

बुलेटराजा_एमएच३१
अबे बावा, कायले एवढा खर्च करून राहिला? मोटर पार्टच्या दुकानातून वाल्व घासायची पेस्ट आण, लाव, काम खतम. तिच्यात पण कणच असतात. काकाच्या जुन्या सायकलले आम्ही वाळू टाकून सीट बसवलं होतं, आजपर्यंत हाललं नाही.

सदरचा_फिटर
बुलेटभाऊ, काकांची सायकल लोखंडाची. वाल्व पेस्ट बनलीच आहे धातू घासून काढायला, तिच्यात कार्बोरंडमसारखं धारदार अपघर्षक असतं. रस्त्यावरच्या प्रत्येक खड्ड्याला पोस्ट केसाएवढा हलतो. ती पेस्ट आधी वरचं लॅकर खाईल आणि मग कार्बनचे धागे. कार्बनच्या पेस्टमधले कण दाबून धरण्यासाठी असतात, कापण्यासाठी नाही. वाळूचं तर नावच काढू नका.

ऑइल_टेकवाली
नागपूरच्या एलआयटीत (लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी) तेल-तंत्रज्ञान शिकले आणि पुढे रेझिनच्या धंद्यात आले, म्हणून त्या "विरघळतो" वाल्या मुद्द्यावर लिहिते.

फ्रेममधला कार्बन म्हणजे कार्बनचे धागे आणि त्यांना धरून ठेवणारं इपॉक्सी. इपॉक्सी एकदा नीट पिकलं, म्हणजे क्युअर झालं, की साध्या खनिज तेलाने किंवा ग्रीसने त्याला काही होत नाही. लिथियम असो, कॅल्शियम असो, वर्षभर लागून राहिलं तरी विरघळणार नाही. त्या दुकानवाल्याने लावलेल्या एपी-३ ने फ्रेम कमकुवत झाली या भीतीने झोप उडवून घेऊ नका.

खरोखर टाळायचं ते वेगळंच आहे. पेंट काढायचे रिमूव्हर, विशेषतः मिथिलीन क्लोराइडवाले, इपॉक्सीवर हल्ला करतात. थिनर आणि अ‍ॅसिटोन आधी क्लिअर कोट खराब करतात. डॉट ब्रेक ऑइल रंगावर सांडलं तर रंग फुगून निघतो, म्हणून हायड्रॉलिक ब्रेक ब्लीड करताना, म्हणजे तेलातली हवा काढताना, शेजारी पाणी आणि फडकं हवंच. शिमानोच्या ब्रेकमध्ये मिनरल ऑइल असतं, ते रंगाच्या बाबतीत बरंच सभ्य आहे.

एक बारीक गोष्ट मात्र आहे. पुढे कधी फ्रेमला तडा गेला आणि दुरुस्तीचा पॅच लावायचा झाला, तर ग्रीसचा अंश राहिलेल्या जागी नवं रेझिन धरत नाही. म्हणून जिथे गरज नाही तिथे ग्रीस नसलेलंच बरं.

गोरेवाडा_लूप
ताई, जीव भांड्यात पडला. आता ते एपी-३ काढायचं कसं? रॉकेलने धुऊन टाकू का? घरी आहे थोडं.

ऑइल_टेकवाली
रॉकेल चेनसाठी ठेवा. सुकल्यावर त्याचा तेलकट थर मागे राहतो आणि तुम्हाला नेमका तोच नको आहे. डब्ल्यूडी-४० चंही तेच. आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या, केमिकलच्या दुकानात मिळतं. कोविडच्या दिवसांतलं सॅनिटायझर जेल घरात पडलं असेल तर ते वापरू नका, त्यात ग्लिसरीन असतं.

पोस्ट काढण्याआधी उंचीवर इन्सुलेशन टेपचा एक वेढा द्या, नाहीतर नंतर फिटिंगसाठी बोंबलाल. सायकल उलटी करा, म्हणजे विरघळलेलं ग्रीस खाली बॉटम ब्रॅकेटच्या, म्हणजे पेडलच्या मधल्या आसाच्या, बेअरिंगकडे ओघळणार नाही. लाकडी काठीला सुती फडकं गुंडाळायचं, अल्कोहोलने ओलं करायचं आणि सीट ट्यूबमध्ये आतून फिरवायचं. फडकं बदलत राहा. पांढरं फडकं पांढरंच बाहेर आलं की झालं. स्प्रे आत मारू नका. पोस्ट आणि क्लॅम्पची आतली बाजूही पुसा, क्लॅम्प सगळेच विसरतात.

सदरचा_फिटर
ताईंनी सांगितलं ते शंभर टक्के. यात माझी भर एवढीच: पेस्ट पोस्टच्या आत जाणाऱ्या भागालाच लावायची, तीही पातळ. पोळीवर तूप ओढतो तसं ओढायचं, श्रीखंडासारखं थापायचं नाही. लावल्यावर पोस्ट गोल फिरवत, वरखाली करत बसू नका, चरे पडतात. टेपच्या खुणेपर्यंत सरळ आत, बाहेर आलेली पुसली, आवळलं, झालं. आणि किमान आत जायची जी रेघ पोस्टवर छापलेली असते ती फ्रेमच्या आत गेलीच पाहिजे.

क्लॅम्पच्या बोल्टच्या आट्यांना मात्र ग्रीसचा अगदी हलका हात. लोक इथेच उलटं करतात, पोस्ट ग्रीसमध्ये बुडवतात आणि बोल्ट कोरडा ठेवतात.

दीक्षाभूमी_ते_ड्रॅगन
बोल्टला ग्रीस लावल्यावर टॉर्क तोच धरायचा का? मी कुठेतरी वाचलं होतं की कमी करावा.

ऑइल_टेकवाली
चांगला प्रश्न. टॉर्क पाना मोजतो ते फिरवायला लागणारं बळ. आपल्याला हवी असते बोल्टमधली ओढ. मधे घर्षण बसलेलं असतं. ढोबळ हिशेब: एम-५ चा बोल्ट, ५ न्यूटन-मीटर, आटे कोरडे, तर ओढ साधारण ५,००० न्यूटन, म्हणजे ५०० किलोच्या आसपास. त्याच बोल्टला ग्रीस लावलं तर त्याच ५ वर ती साडेसहा हजारांपर्यंत जाऊ शकते. तीसएक टक्के जास्त, पान्यावरचा आकडा न बदलता.

म्हणून कंपनीचं मॅन्युअल बघायचं. बऱ्याच ठिकाणी दिलेला टॉर्क ग्रीस लावलेल्या आट्यांसाठीच असतो, मग काही वजा करायचं नाही. मॅन्युअलमध्ये कोरडं म्हटलं असेल तर कोरडं. आणि छापलेला आकडा बहुतेक वेळा कमाल असतो. पेस्ट लावली असेल तर ४ पासून सुरू करा, फिरून या, सरकला तरच अर्ध्या-अर्ध्याने वाढवा.

लाल_मिरची_कळमना
तीस वर्षं सायकली दुरुस्त करतो. टॉर्क पाना कधी लागला नाही. हाताला कळतं.

सदरचा_फिटर
काका, तुमच्या हाताबद्दल शंका नाही. लोखंडी फ्रेमवर हात चुकला तर क्लॅम्प वाकतो आणि आपल्याला दिसतो. कार्बनमध्ये आतला थर सुटतो आणि वरून काहीच दिसत नाही. ५ न्यूटन-मीटर म्हणजे एलन कीच्या लांब बाजूच्या टोकाला, साधारण साडेसात सेंटिमीटरवर, सातएक किलोचा दाब. सवयीच्या हाताने आपण पंधरा-वीस किलो सहज देतो आणि वर "बस, हलकंच आवळलं" असं म्हणतो. वजनकाट्याचा हुक कीला लावून एकदा सात किलो ओढून बघा. किती कमी आहे ते हाताला लगेच कळेल.

लाल_मिरची_कळमना
बघितलं. भाजीच्या काट्याने. कमी आहे, मान्य. पण माझ्या दुकानात कार्बन येतच नाही, हे पण मान्य करा.

सदरचा_फिटर
येईल काका. सेकंडहँड बाजारात आता दर आठवड्याला एखादी दिसते.

हिंगणा_रोडी
याच धाग्यात विचारतो. माझी फ्रेम कार्बनची, सीटपोस्ट अ‍ॅल्युमिनियमचा. सरकायचं सोडा, आता हालतच नाही. मागच्या पावसाळ्यापासून काढलेला नाही. शेजारचा वेल्डिंगवाला म्हणतो हीट गनने तापवू, लगेच सुटेल.

ऑइल_टेकवाली
तापवू नका! दोन कारणं, दोन्ही महत्त्वाची.

पहिलं, तुमचा पोस्ट का अडकला? कार्बन वीज वाहून नेतो आणि गंजण्याच्या क्रमात तो अ‍ॅल्युमिनियमपेक्षा बराच "खानदानी" आहे. दोघे एकमेकांना टेकले आणि मधे पावसाचं पाणी किंवा घाम आला की छोटी बॅटरीच तयार होते. त्यात खर्ची पडतं अ‍ॅल्युमिनियम. त्याचा पांढरा ऑक्साइड मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेतो, फुगतो, आणि पोस्ट आत कायमचा चिणला जातो. चांगल्या फ्रेममध्ये म्हणूनच धातूच्या जागी काचेच्या धाग्यांचा एक थर मधे देतात, तो वीज अडवतो. टायटॅनियमचं कार्बनशी पटतं, हा त्रास मुख्यतः अ‍ॅल्युमिनियमचा.

दुसरं, लोखंडी फ्रेमच्या सवयीने आपण बाहेरची नळी तापवतो, ती प्रसरते आणि आतला तुकडा सुटतो. इथे बाहेरचा कार्बन जवळपास प्रसरतच नाही आणि आतलं अ‍ॅल्युमिनियम मात्र भरपूर प्रसरतं. म्हणजे तापवाल तितका घट्ट होईल, आणि शंभर अंशांच्या पुढे गेलात तर इपॉक्सीही मऊ पडायला लागेल. वेल्डिंगवाल्याचा अनुभव खरा आहे, फक्त तो दुसऱ्या धातूचा आहे.

करायचं उलटं. गार करा. २७.२ चा अ‍ॅल्युमिनियम पोस्ट ५० अंशांनी गार झाला तर व्यास साधारण तीन शतांश मिलिमीटरने कमी होतो. ऐकायला काहीच नाही, पण अशा बसणीत तेवढ्याने फरक पडतो. आधी क्लॅम्प काढून फटीत भेदक तेल सोडा, रात्रभर ठेवा. पहाटे, फ्रेम गार असताना, बाहेरच्या भागाला बर्फ बांधून ठेवा. अ‍ॅल्युमिनियम थंडी आत ओढून नेतं. मग सीट धरून हलकेच पिळा. पोस्टचं डोकं व्हाइसमध्ये धरून फ्रेमच फिरवायचा प्रकार घरी करू नका, फ्रेमच्या नळीवर पीळ येतो. नाही सुटला तर कार्बन दुरुस्ती करणाऱ्याकडेच द्या.

हिंगणा_रोडी
म्हणजे मे महिन्यात प्रयत्न करण्यात अर्थच नव्हता! ४५ डिग्रीत गच्चीवर बसून ओढत होतो.

ऑइल_टेकवाली
नवतपात तर नाहीच. पण उन्हाने फ्रेम खराब होईल ही भीती नको. सावलीतल्या ४५-४६ ला इपॉक्सी हसतं. काच बंद करून उन्हात ठेवलेल्या गाडीत तापमान खूप वर जातं, तिथे सायकल तासन् तास ठेवू नये एवढंच. उन्हाळ्यात ग्रीसमधून तेल सुटून डाग पडतात, तेही पुसलं की झालं.

सदरचा_फिटर
पोस्ट निघाल्यावर नवा बसवताना ग्रीसचा मोह टाळायचा. अ‍ॅल्युमिनियमचा पोस्ट असला तरी कार्बनच्या फ्रेममध्ये असेंब्ली पेस्टच. आणि तांब्याची अँटी-सीझ अजिबात नको. तांबंही अ‍ॅल्युमिनियमपेक्षा वरचढ असल्यामुळे पाण्यात तोच गंजाचा खेळ वाढवतं. पावसाळा सुरू होण्याआधी एकदा आणि संपल्यावर एकदा पोस्ट काढून पुसून परत लावायचा, एवढी शिस्त ठेवली तर अडकत नाही.

आणखी एक, हे आपल्या नागपूरचंच खास. उन्हाळ्यात सगळे घरात ट्रेनरवर (सायकल जागच्या जागी चालवायचा स्टँड) चढतात. खोलीत कूलर, हवा दमट, घाम वाळतच नाही, तो थेंब थेंब हेडसेट (हँडलखालचे बेअरिंग) आणि स्टेमच्या (हँडल धरणारा तुकडा) बोल्टवर पडत राहतो. घामातल्या मिठाने अ‍ॅल्युमिनियमचं काय होतं ते ताईंनी सांगितलंच आहे. वर टॉवेल टाका आणि उन्हाळ्याच्या शेवटी हेडसेट उघडून बघा.

बुलेटराजा_एमएच३१
मग ग्रीस लागते कुठे? की कार्बनवाल्याच्या घरात ग्रीसचा डबाच नको?

सदरचा_फिटर
लागतं ना! जे फिरतं आणि जिथे आटे आहेत, तिथे ग्रीस. हेडसेटचे बेअरिंग, हबचे छर्रे, पेडलचे आटे, थ्रू-अ‍ॅक्सल, बाटलीच्या पिंजऱ्याचे बोल्ट. आट्यांचा बॉटम ब्रॅकेट असेल तर त्याच्या आट्यांना सढळ हाताने. तिथे कार्बनच्या आत अ‍ॅल्युमिनियमची नळी बसवलेली असते, धातूला धातू. शिमानोचे कप ३५ ते ५० न्यूटन-मीटर मागतात, उजवीकडचा कप उलट्या आट्यांचा. टायटॅनियमचे बोल्ट असतील तर ते धरून बसतात, तिथे अँटी-सीझ. एपी-३ या जागांवर आनंदाने वापरा बुलेटभाऊ, पाण्यालाही बऱ्यापैकी टिकतं.

दीक्षाभूमी_ते_ड्रॅगन
माझ्याकडे दाबून बसवायचा बॉटम ब्रॅकेट आहे, प्लास्टिकच्या कपांचा. कटकट करतो. एक जण म्हणाला लॉकटाइट (आटे धरून ठेवणारा गोंद) घाल, आवाज बंद.

ऑइल_टेकवाली
थांबा. आट्यांचे आणि फिटिंगचे ते लॉकर धातूसाठी असतात. हवा नसताना, धातूच्या संपर्कात ते घट्ट होतात. प्लास्टिकवर नीट पिकत नाहीत, आणि काही प्लास्टिकांना तर त्यांच्यामुळे बारीक तडे जातात. धातूचे कप आणि धातूची नळी असेल आणि कंपनीने सांगितलं असेल तरच. तुम्ही आधी कप काढून जागा पुसा, फ्रेम कंपनीचं मॅन्युअल ग्रीस म्हणतं की कोरडं ते बघा आणि तसंच बसवा. पुष्कळ वेळा कटकट पेडल किंवा सीटची निघते, बिचाऱ्या बॉटम ब्रॅकेटचं नाव बदनाम होतं.

गोरेवाडा_लूप
अपडेट. पोस्ट पुसला, आतली नळी पुसली, फडक्यांचा ढीग झाला. फायबर ग्रिप लावून ४ वर आवळला. काल फेटरीच्या पुढे जाऊन आलो, टेपची खूण जागची हालली नाही. पुसताना पोस्ट नीट तपासला. क्लॅम्पच्या जागी नुसता पॉलिश झाल्यासारखा पट्टा आहे, तडा दिसत नाही, नाण्याने ठोकल्यावर आवाजही सगळीकडे सारखाच येतो.

आता हात शिवशिवायला लागले. स्टेम उघडून तिथेही पेस्ट लावू का? आणि स्टेमच्या वरच्या टोपीखाली, फोर्कच्या नळीत जो फुगणारा प्लग आहे, त्याचं काय?

सदरचा_फिटर
नाण्याची परीक्षा ढोबळ आहे. नखाला कुठे कड लागत असेल किंवा ठोकल्यावर तिथला आवाज बसका वाटत असेल तर पोस्ट बदला, ती वस्तू परवडणारी आहे. फोर्क नाही.

स्टेमच्या बाबतीत हात शिवशिवू देऊ नका. फोर्कची कार्बनची वरची नळी स्टेम जिथे धरतो तिथे ग्रीस पूर्ण वर्ज्य. पेस्ट लावावी की कोरडं ठेवावं याबाबत कंपन्यांची मतं वेगळी आहेत, तुमच्या फोर्कचं मॅन्युअल म्हणेल ते. नुसतं अल्कोहोलने पुसून कोरडं ठेवलं तरी बहुतेक स्टेम व्यवस्थित धरतात. प्लगच्या बाहेरच्या, नळीला टेकणाऱ्या अंगाला पेस्ट. आतला पाचर आणि त्याचा बोल्ट, यांना ग्रीसचा थेंब, नाहीतर तो फुगतच नाही आणि आपण आवळत बसतो. प्लग स्टेमच्या बोल्टांच्या मागे येईल एवढा खोल गेला पाहिजे, म्हणजे नळीला आतून आधार मिळतो. लोखंडी फोर्कमध्ये ठोकून बसवतात तो तारा (स्टार नट) कार्बनमध्ये कधीच नाही. आणि स्टेमच्या वर एक ५ मिमीचा स्पेसर ठेवा, म्हणजे स्टेमची पूर्ण पकड नळीवर येते.

आधी वरची टोपी आवळून हेडसेटचा खेळ घालवायचा, मग स्टेमचे दोन्ही बोल्ट आलटून पालटून, थोडे थोडे. टोपी शेवटी आवळू नका, स्टेम धरल्यावर तिला काम उरत नाही.

हिंगणा_रोडी
निघाला! बर्फ, दोन रात्री तेल, आणि पहाटे साडेपाचला बायकोने फ्रेम धरली. पोस्टवर पांढरी पूड इंचभर. अ‍ॅल्युमिनियमला खड्डे पडले आहेत, हा परत वापरत नाही. फ्रेमच्या आत ती पूड चिकटली आहे, पॉलिश पेपरने घासू का?

ऑइल_टेकवाली
पॉलिश पेपर नको, आतले धागे उघडे पडतील. लाकडी किंवा प्लास्टिकच्या पट्टीने खरवडा, मग अल्कोहोलचं फडकं. पूड बॉटम ब्रॅकेटमध्ये पडू देऊ नका, सायकल उलटीच ठेवा. आणि नवा पोस्ट घेताना कार्बनचा घ्या, म्हणजे हे भांडणच उरणार नाही.